किल्लीविना कुलूप

गेल्या वर्षी विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही एका माध्यमिक शाळेत गेलो होतो. दुपारच्या चहाच्या वेळी तिथल्या एका शिक्षकांनी पिशवीतून एक जुने पितळी कुलूप काढून आमच्यापुढे ठेवले. प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटाचे ते कुलूप. कपाट उघडण्यासाठी कोणीतरी केव्हातरी कोयंडाच उपटून काढला होता. कपाट मोकळे झाले, पण कुलूप कोयंड्यासकट बंदच राहिले. किल्ली कोणाकडे होती हे सांगणारे आता शाळेत कोणी उरले नव्हते.

"सर, हे मुलांसमोर उघडता येईल का? आत काय असते ते त्यांना बघायचे आहे," शिक्षकांनी विचारले. आम्ही होकार देणार तेवढ्यात शेजारी बसलेले मुख्याध्यापक म्हणाले, "उघडा खुशाल, पण मुलांसमोर नको. उद्या पालक विचारतील, शाळेत कुलपे उघडायला शिकवता का म्हणून!"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कुलूप कसे उघडते हे सर्वांना सांगावे, की ते ज्ञान झाकून ठेवणेच शहाणपणाचे? नेमका हाच वाद इ.स. १८५१ मध्ये लंडनमध्ये मोठ्या हिरिरीने झाला होता, आणि आज संगणकाच्या युगातही तो संपलेला नाही. आम्ही कुलूप घरी घेऊन आलो. आधी आपण स्वतः उघडून पाहावे आणि मग मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे, असे ठरवले.

चार पुसट वर्तुळे

किल्ली नसलेले कुलूप मोकळे करण्याचा सोपा उपाय म्हणजे हॅकसॉने कडी कापणे. दहा-पंधरा मिनिटांचे काम. पण कडी कापली की कुलूप कायमचे निकामी होते, आणि आत काय होते हे कळत नाही ते नाहीच. आम्हाला कुलूप समजून घ्यायचे होते आणि पुन्हा वापरात आणायचे होते. म्हणून दुसरा विचार केला. हे कुलूप कारखान्यात कोणीतरी सुटे भाग जुळवून बंद केले असणार. जे जुळवले आहे ते उलट्या क्रमाने सुटे करता आले पाहिजे. मग बंद करणाऱ्याने शेवटचे काम कोणते केले असेल?

कुलपाचे अंग पाहता ते अखंड वाटत होते. स्क्रू नाही, सांधा नाही. चिंच आणि मीठ लावून ते घासले, मग बारीक पॉलिश पेपर फिरवला. स्वच्छ झालेल्या पितळेवर चार कोपऱ्यांजवळ चार पुसट वर्तुळे दिसू लागली. ती होती रिव्हेटची डोकी. कारागिराने रिव्हेट ठोकून, कानशीने घासून पृष्ठभागाशी इतके एकरूप केले होते की डोळ्यांना ते दिसू नयेत. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर पंचाने खूण केली आणि ड्रिलने रिव्हेटचे डोके तेवढे कापून काढले. मग पंच लावून हलक्या हाताने रिव्हेट खाली ठोकले. कुलूप एका मोठ्या ताटात आडवे ठेवले आणि वरचे झाकण सुरीच्या पात्याने अलगद उचलले. ताटाचे महत्त्व ज्याने कधी घड्याळ किंवा बॉलपेन उघडले आहे त्याला सांगायला नको. स्प्रिंग उडाली की ती सापडत नाही!

आत सुकून राळेसारखे झालेले तेल होते, धूळ होती आणि किल्लीच्या भोकाच्या तोंडाशी कुंभारमाशीने आणून लावलेली चिकणमाती होती. काहीही हलवण्यापूर्वी आम्ही फोटो काढला आणि कागदावर आकृतीही काढली. मग एकेक भाग उचलून, क्रमांक घातलेल्या कागदावर क्रमाने मांडत गेलो.

सहा लिव्हर आणि एक खुंटी

कुलपाच्या पोटात मुख्य भाग तीनच. पहिला भाग म्हणजे सरकता अडसर. ही पितळेची जाड पट्टी असते. तिचे टोक कडीच्या खाचेत घुसलेले असते, तोवर कडी सुटत नाही. या अडसरावर एक छोटी खुंटी उभी असते. दुसरा भाग म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ चकत्या, म्हणजेच लिव्हर. आमच्या कुलपात त्या सहा होत्या. प्रत्येक लिव्हर एका टोकाशी खिळलेली असते, आणि तिला खाली दाबून ठेवणारी एक बारीक स्प्रिंग असते. तिसरा भाग म्हणजे मधला उभा दांडा. पोकळ नळीची किल्ली या दांड्यावर बसते आणि त्याच्याभोवती फिरते.

प्रत्येक लिव्हरमध्ये एक खाच कापलेली असते, पण प्रत्येकीत ती वेगळ्या उंचीवर असते. किल्ली फिरली की तिचे लहानमोठे दाते सहाही लिव्हर वेगवेगळ्या अंतराने उचलतात. दाते बरोबर असतील तर सहाही खाचा एका ओळीत, खुंटीच्या थेट समोर येतात. मग किल्लीचा शेवटचा दाता अडसर ढकलतो, खुंटी त्या ओळीतून पलीकडे जाते आणि कडी सुटते. एखादी लिव्हर कमी उचलली गेली तर खुंटी अडते. जास्त उचलली गेली तरीही अडते.

हे शेवटचे वाक्य साधे वाटते, पण कुलपाच्या इतिहासातली ती मोठी पायरी आहे. युरोपात शतकानुशतके जी कुलपे वापरात होती त्यांत किल्लीच्या वाटेवर नुसत्या आडव्या भिंती असत. किल्लीला त्या भिंतींच्या जागी खाचा असत. पण भिंतींना बगल देणारी एक कोरून बारीक केलेली किल्ली केली की ती अनेक कुलपांना चाले. उचलाव्या लागणाऱ्या लिव्हरही होत्या, पण त्या पुरेशा उचलल्या की काम भागे. जास्त उचलल्याने काही बिघडत नसे. 'पुरेसे' पुरे नाही, 'नेमके'च हवे, ही अट कुलपात घातली ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने, इ.स. १७७८ मध्ये. त्याच्या कुलपात दोन लिव्हर होत्या. आमच्यापुढे ताटात मांडलेल्या सहा चकत्या त्याच घराण्यातल्या.

कैद्याची हार

बॅरनच्या कुलपानेही चोर थांबले नाहीत. इ.स. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. तेव्हा इंग्लंडच्या सरकारने स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही न उघडणाऱ्या कुलपासाठी १०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पोर्ट्समथचाच एक लोखंडी सामानाचा व्यापारी जेरेमाया चब याने १८१८ मध्ये आपल्या नव्या कुलपाचे पेटंट घेतले. त्यातली खुबी अशी, की कोणी तारेने किंवा परक्या किल्लीने प्रयत्न करताना एखादी लिव्हर जास्त उचलली, तर ती वरच अडकून बसे आणि कुलूप गोठून जाई. मालक खरी किल्ली घेऊन आला की त्याला लगेच कळे, आपल्या मागे कोणीतरी खटपट करून गेले आहे. म्हणून त्याला 'खबर देणारे कुलूप' म्हणता येईल.

या कुलपाची परीक्षाही विलक्षण झाली. पोर्ट्समथच्या बंदरात नांगरलेल्या तुरुंगजहाजांवर एक कैदी होता. तो मूळचा कुलपे करणारा कारागीर. कुलूप उघडलेस तर शिक्षा माफ, वर बक्षीस, असे त्याला सांगण्यात आले. हवी ती हत्यारे मिळाली, दोन-तीन महिने मिळाले. अखेर त्याने हात टेकले. चबच्या कुलपाची कीर्ती झाली आणि तिजोऱ्यांना ती कुलपे लागली.

तिकडे लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर जोसेफ ब्रामा याच्या दुकानाच्या काचेच्या खिडकीत दुसरेच एक कुलूप टांगलेले होते. ब्रामा म्हणजे ज्याच्या नावाचे द्रवीय दाबयंत्र आपण भौतिकशास्त्रात शिकवतो, तोच. त्याने १७८४ मध्ये कुलपाचे पेटंट घेतले होते. त्यात लिव्हरऐवजी नळकांड्याभोवती उभ्या सरकणाऱ्या पट्ट्या होत्या. खिडकीतल्या कुलपात अशा १८ पट्ट्या होत्या. शेजारी पाटी होती: जो हे कुलूप उघडील असे साधन करील त्याला २०० गिनी ताबडतोब दिल्या जातील. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ती पाटी तशीच राहिली. ब्रामा १८१४ मध्ये वारला, पाटी मात्र टिकली.

एक्कावन्न तास

इ.स. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जगातले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. अमेरिकेतून न्यूयॉर्कच्या एका कुलूप कंपनीचे कुलूप घेऊन आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा गृहस्थ आला. अमेरिकेत त्याची विक्रीची पद्धत सरळ होती. बँकेत जायचे, व्यवस्थापकासमोर त्याच्या तिजोरीचे कुलूप उघडून दाखवायचे आणि मग आपले कुलूप पुढे करायचे!

२२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात, साक्षीदारांच्या समोर, हॉब्जने एका भक्कम दाराला बसवलेले चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले. कुलूप शाबूत होते. त्याने ते पुन्हा बंदही करून दाखवले. त्यानंतर तो पिकॅडिलीच्या खिडकीकडे वळला. ब्रामाचे कुलूप पंचांच्या देखरेखीखाली त्याला देण्यात आले. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने तेही उघडले. खरी किल्ली लावून पाहिली तर कुलूप पूर्वीसारखेच चालत होते. २०० गिनी त्याला मिळाल्या.

ब्रामाच्या वारसांनी तक्रार केली, की कोणत्या चोराला १६ दिवस निवांत मिळतात? या तक्रारीत तथ्य होते. कुलूप 'उघडत नाही' असे कधीच नसते. ते किती वेळ टिकते एवढाच प्रश्न असतो, आणि चोराकडे वेळ कमी असतो हेच कुलपाचे खरे बळ. पण लंडनकरांचा विश्वास उडाला तो उडालाच. ज्या दोन कुलपांवर देश निर्धास्त झोपत होता ती दोन्ही एका उन्हाळ्यात उघडली होती.

गुणाकाराची बेरीज कशी झाली?

हॉब्जला हे कसे जमले, हे आमच्या ताटातल्या कुलपानेच आम्हाला दाखवले. त्यातले गणित वर्गात सांगण्यासारखे आहे.

आमच्या कुलपाला सहा लिव्हर. मोजमाप केल्यावर दिसले, की किल्लीचा प्रत्येक दाता ढोबळमानाने पाच उंचींपैकी एका उंचीचा असू शकतो. म्हणजे एकूण शक्य किल्ल्या ५ × ५ × ५ × ५ × ५ × ५ = १५,६२५. दर दहा सेकंदांना एक किल्ली लावून पाहिली तर सगळ्या किल्ल्या संपायला ४३ तासांहून अधिक वेळ लागेल. कुलूपवाल्यांचा भरवसा या गुणाकारावर असतो. लिव्हर एकीने वाढवली की संख्या पाचपट होते.

आता झाकण काढलेल्या त्या कुलपात सहाही लिव्हर जागी बसवून आम्ही अडसर बोटाने हळूच मागे ओढला. खुंटी लिव्हरवर दाबली गेली. सहाही लिव्हर सारख्याच दाबल्या जातील अशी आमची अपेक्षा होती. तसे झाले नाही. फक्त चौथी लिव्हर घट्ट धरली गेली, बाकीच्या पाच सैलच राहिल्या. सहा चकत्या हाताने कापलेल्या आहेत. कोणतीच दुसरीसारखी तंतोतंत नाही. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी खुंटी सर्वांत पुढे आलेल्या लिव्हरलाच आधी टेकणार. ती चौथी लिव्हर सावकाश उचलली. योग्य उंचीवर येताच अडसर किंचितसा सरकला आणि मग दुसरी लिव्हर घट्ट झाली. याप्रमाणे एकीनंतर एक.

याचा अर्थ काय? सहाही दाते एकदम बरोबर शोधावे लागतात तोवर १५,६२५ शक्यता असतात. पण प्रत्येक लिव्हर 'मी बरोबर जागी आले' असे वेगळे सांगू लागली, तर एकीसाठी जास्तीत जास्त पाच प्रयत्न, म्हणून सहांसाठी ५ + ५ + ५ + ५ + ५ + ५ = ३०. गुणाकाराची बेरीज झाली! हॉब्जच्या ५१ तासांना १८ ने भागले तर एका पट्टीला तीन तासांहूनही कमी वेळ पडतो. त्याने कोट्यवधी शक्यता तपासल्या नव्हत्या. त्याने अठरा लहान प्रश्न एकामागून एक सोडवले होते.

चबच्या 'खबर देणाऱ्या' लिव्हरकडे या दृष्टीने पाहिले तर एक गंमत दिसते. लिव्हर जास्त उचलली गेली ही खबर मालकासाठी होती. पण तीच खबर कुलपाशी झगडणाऱ्यालाही मिळते. आपण मर्यादेपलीकडे गेलो हे त्याला आयतेच कळते. पहारेकरी ज्या आवाजात मालकाला हाक मारतो, तो आवाज चोरालाही ऐकू येतो.

हॉब्जने आणलेले अमेरिकन कुलूपही अजिंक्य राहिले नाही. ते पुढे लायनस येल (धाकटा) याने उघडले. येलने १८६१ आणि १८६५ मध्ये ज्या कुलपाची पेटंटे घेतली ते आज आपल्या दारांवर सर्रास दिसते. चपटी लहान किल्ली, आत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या खिळ्यांची रांग. त्यातली मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतली. त्यांतही वरून खाली पडणाऱ्या खुंट्या अडसराला अडवत, आणि दातेरी लाकडी किल्लीने त्या उचलाव्या लागत. येलच्या कुलपातले खिळेही सगळे तंतोतंत सारखे नसतातच. त्यामुळे बेरजेची युक्ती तिथेही लागू पडते.

गुपित कोणते ठेवावे?

हॉब्जच्या पराक्रमानंतर लंडनमध्ये वाद पेटला. चोरांना आयते शिक्षण दिले, असे एक पक्ष म्हणू लागला. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सनने संपादित केलेले कुलपांच्या रचनेवरचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. हॉब्जच्या माहितीचा त्यात मोठा वाटा होता. त्यात दुसरा पक्ष स्पष्ट मांडलेला आहे. त्याचा मथितार्थ असा, की कुलूप उघडणे हा ज्यांचा धंदा आहे त्यांना ही विद्या आधीच अवगत असते. लपवाछपवीने अंधारात राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. आपले कुलूप कच्चे आहे हे त्याला कळले, तरच तो चांगले मागेल आणि तरच कोणीतरी चांगले बनवील.

घडलेही तसेच. १८५१ नंतर इंग्लंडमधल्या कुलूपवाल्यांनी आपली कुलपे सुधारायला घेतली. लिव्हरमध्ये खोट्या खाचा कापल्या गेल्या. खुंटी तिथे अडकली की उघडणाऱ्याला वाटावे, जमले! किल्लीच्या भोकामागे फिरते पडदे बसवले गेले, म्हणजे दोन हत्यारे एकदम आत घालता येऊ नयेत. उघड पराभवाखेरीज या सुधारणा इतक्या लवकर झाल्या नसत्या.

१८८३ मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या ऑगस्ट केरखॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी सांकेतिक लिपीवर लिहिताना हाच विचार नियमाच्या रूपात मांडला. सांकेतिक लिपीची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित असावी ती फक्त किल्ली, कारण किल्ली बदलता येते. बँकेचे संगणकी व्यवहार, भ्रमणध्वनीवरचे निरोप यांचे रक्षण करणाऱ्या आजच्या पद्धती याच नियमावर उभ्या आहेत. त्यांची गणिती कृती छापून प्रसिद्ध केलेली असते. जगभरचे तज्ज्ञ ती फोडण्याचा प्रयत्न करतात, आणि जी वर्षानुवर्षे टिकते तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

तरीही जुना वाद सरत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ मॅट ब्लेझ यांनी, एका इमारतीतल्या सर्व खोल्यांना चालणारी 'मास्टर' किल्ली आपल्या एका खोलीच्या किल्लीवरून थोड्याच प्रयत्नांत कशी काढता येते, हे प्रसिद्ध केले. त्यांची युक्तीही गुणाकाराची बेरीज करण्याचीच होती. किल्ली-कुलूप व्यवसायातले लोक रागावले. आम्हाला हे पूर्वीपासून माहीत होते, ते लोकांना सांगायचे नव्हते, असा त्यांचा सूर होता. माहीत नव्हते ते फक्त खोल्यांत राहणाऱ्यांना!

लालबागेपर्यंतचा प्रवास

आपल्याकडे 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला, 'टाळे' संस्कृत 'तालक'वरून, आणि 'चावी' पोर्तुगिजांबरोबर आली. एवढ्या देशांची नावे एका वस्तूला चिकटली यावरूनच तिचा प्रवास दिसतो. कारखान्यात बनलेली लिव्हरची कुलपे मात्र इंग्रजी अमलात आली. अलीगढमध्ये १८७० मध्ये जॉन्सन नावाच्या इंग्रज कंपनीने आधी विलायती कुलपे विकायला सुरुवात केली. पुढे ती तिथेच बनू लागली आणि गल्लीगल्लीत कुलपांचे कारागीर तयार झाले. तमिळनाडूतल्या दिंडिगलची हातघडणीची कुलपेही अशीच नावाजली. २०१९ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला.

मुंबईची कथा वेगळी आहे. अर्देशीर गोदरेज हे वकिली सोडलेले तरुण गृहस्थ. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा त्यांचा पहिला उद्योग फसला, कारण त्यांवर 'हिंदुस्थानात बनवलेले' असा ठसा घालायला गिऱ्हाईक तयार नव्हते आणि तो ठसा सोडायला अर्देशीर तयार नव्हते. मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली, आणि १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्यांनी पुढे स्प्रिंग नसलेल्या लिव्हर कुलपाचेही पेटंट घेतले. स्प्रिंग कशाला काढायची, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही ते आमचे कुलूप दुरुस्त करतानाच कळले.

दुरुस्ती

सहा लिव्हरपैकी दुसरीची स्प्रिंग तुटलेली होती. तिचा तुकडा दोन चकत्यांच्या मध्ये जाऊन पाचरीसारखा बसला होता. त्यामुळे खरी किल्ली असती तरी हे कुलूप उघडले नसते! कदाचित किल्ली हरवली नसेलच. ती लागेना म्हणून कोणीतरी टाकून दिली असेल. कुलपात सर्वांत आधी दगा देतो तो बहुधा हाच भाग. वर्षानुवर्षे वाकून-सरळ होऊन धातू थकतो, दमट हवेत गंजतो. स्प्रिंगच काढून टाकण्यामागचे शहाणपण हेच.

आम्ही सगळे भाग रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून ब्रशने धुतले. हातघड्याळाच्या जुन्या स्प्रिंगचा तुकडा कापून दुसऱ्या लिव्हरच्या चिरेत बसवला आणि चीर हातोडीने हलकेच दाबली. किल्लीवाल्याकडून नळीची एक कोरी किल्ली आणली. झाकण उघडे असल्याने तिचे दाते घासणे अवघड नव्हते. एक दाता थोडा घासायचा, फिरवून पाहायचे, खाच खुंटीसमोर आली का ते डोळ्यांनी बघायचे, पुन्हा घासायचे. घाईला इथे क्षमा नाही. जास्त घासले गेलेले पितळ परत येत नाही. तिसऱ्या दात्याशी आमची पहिली किल्ली फुकट गेली, दुसरी जमली. तेलाऐवजी शिसपेन्सिलीची पूड घातली, म्हणजे धूळ चिकटणार नाही. शेवटी पितळी तारेचे चार नवे रिव्हेट ठोकले आणि कानशीने घासून टाकले. वर्तुळे पुन्हा दिसेनाशी झाली.

मुख्याध्यापकांना उत्तर

कुलूप आणि किल्ली घेऊन आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापकांची भीती निराधार होती असे आम्ही म्हटले नाही. जाणलेल्या गोष्टीचा गैरवापर होऊ शकतो. पण कुलूप फोडायला दगडही पुरतो, आणि ते मुलांना शाळेने शिकवावे लागत नाही. शाळेने शिकवायचे ते वेगळे. कुलूप आपले असेल किंवा मालकाने हाताने दिले असेल तरच त्याला हात लावायचा, उघडायचे ते सर्वांसमोर, आणि आढळलेला कच्चेपणा आधी मालकाला सांगायचा. हॉब्ज आणि चोर यांच्या हातातली हत्यारे बहुधा सारखीच असतील. हॉब्जसमोर साक्षीदार होते, हा फरक आहे.

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला आणि स्वतःच वर्गात येऊन बसले.

मुलांसाठी आम्ही पुठ्ठ्याचे मोठे कुलूप केले होते. ज्या शिक्षकांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. वीतभर लांबीच्या सहा पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येकीच्या एका टोकाला भोक पाडून सर्व पट्ट्या एकाच खिळ्यावर ओवाव्यात. दुसऱ्या टोकाजवळ पेन्सिल जाईल एवढी खाच प्रत्येकीत वेगळ्या उंचीवर कापावी. पेन्सिल म्हणजे खुंटी. सहा मुलांनी सहा पट्ट्या उचलायच्या आणि सातव्याने पेन्सिल आत ढकलायची. आधी डोळे मिटून, अंदाजाने. मग सातव्याने पेन्सिल हलकेच दाबून धरायची आणि ज्याची पट्टी अडते त्यानेच ती हलवायची. पहिल्या पद्धतीत आमचा वर्ग कंटाळला. दुसऱ्या पद्धतीत पेन्सिल पाच मिनिटांच्या आत आरपार गेली. गुणाकार आणि बेरीज यांतला फरक फळ्यावर लिहिण्याआधीच मुलांच्या हातांना कळला होता.

तास संपताना एका मुलीने विचारले, "सर, आता आत काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत झाले. मग हे कुलूप परत कपाटाला लावून काय उपयोग?" सगळ्या लेखाचा प्रश्न तिने एका वाक्यात विचारला होता. आम्ही उत्तर दिले नाही, शिक्षकांकडे पाहिले. त्यांनी कपाटाला नवा कोयंडा बसवून घेतलाच होता. त्यांनी कुलूप लावले, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. मग मुलांनी काढलेली कुलपाच्या अंतरंगाची मोठी आकृती, सहाही लिव्हर आणि खुंटी नावानिशी दाखवणारी, त्याच कपाटाच्या दारावर चिकटवली.

ती आकृती तिथे अजून आहे. कपाट आजवर किल्लीनेच उघडले गेले आहे.